शनिवारचे तेली

गोदावरीकाठी सचखंड गुरुद्वाऱ्याच्या सान्निध्यात राहणाऱ्या नांदेडकराला, किंवा गळिताच्या धान्याचा व्यापार नित्य पाहणाऱ्या लातूरकराला, बेने इस्रायल समाजाचा परिचय क्वचितच असतो. वस्तुतः मराठी मातृभाषा असलेल्या या यहुदी समाजाचा इतिहास तेलघाण्याशीच निगडित आहे. अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज कोकणात उतरले, अशी त्यांची परंपरागत श्रद्धा. घाण्यावर उपजीविका करूनही शब्बाथाचे, म्हणजे साप्ताहिक विश्रांतिदिनाचे, पावित्र्य राखण्यासाठी ते शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. पेणकर, रोहेकर, किहीमकर ही त्यांची आडनावे गावांवरूनच पडली.

पुढे फौजेत व सरकारी नोकरीत शिरलेल्या या समाजातील सामाजी हसाजी दिवेकर या लष्करी अंमलदाराने 1796 साली मुंबईत पहिले सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिर, उभारले. घरी मात्र धर्म मराठमोळ्या रीतीनेच नांदला: मंगलप्रसंगी एलियाहू प्रेषिताचे स्मरण करून पोहे, गूळ, खोबरे व फळे यांचा मलिदा वाटला जातो, आणि धर्मजिज्ञासेपोटी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिब्रू पुराणकथांवर मराठी कीर्तनेही रचली गेली.

इस्रायलच्या स्थापनेनंतर बहुसंख्य कुटुंबे तिकडे स्थायिक झाली. महाराष्ट्र शासनाने 2016 साली यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. उपजीविका, कुटुंब आणि उपासना यांचा मेळ शतकानुशतके निष्ठेने घालणाऱ्या या मराठी बांधवांचा इतिहास आपल्या पाठ्यपुस्तकांत आदराने समाविष्ट व्हावयास हवा.