निकालपत्रकातील उपेक्षित रकाना

बंगळुरूच्या पूर्वेकडील मारतहळ्ळी हा भाग महादेवपुरा विधानसभा मतदारसंघात मोडतो. तेथील कोणत्याही मतदान केंद्रावर यंत्रावरील नावांपलीकडचे नाव स्वतःच्या हाताने लिहिण्याची मुभा मतदारास नाही, आणि कागदी मतपत्रिकांच्या काळीही ज्या लिखाणावरून मतदाराची ओळख पटू शकेल त्यापायी मतपत्रिका बाद होत असे. अमेरिकेतील अनेक राज्यांत मात्र ही मुभा आहे. १९५४ साली साउथ कॅरोलिनातून स्ट्रॉम थरमंड आणि २०१० साली अलास्कातून लिसा मर्कोव्स्की हे मतदारांनी स्वहस्ते लिहिलेल्या नावांच्या बळावर सिनेटवर गेले. मर्कोव्स्कींच्या नावाचे अशुद्ध लेखन ग्राह्य धरावे की नाही, हा वाद तर न्यायालयापर्यंत पोहोचला. अशी विखुरलेली नावे निकालात पृथक् मांडावीत की त्यांची एकच बेरीज द्यावी, हा तेथील प्रश्न आपल्याकडे ‘नोटा’च्या रूपाने उभा आहे.

२७ सप्टेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘वरीलपैकी कोणीही नाही’ अर्थात ‘नोटा’ हा पर्याय यंत्रावर देण्याचा हुकूम केला. तत्पूर्वी ज्याला मत द्यावयाचे नसे त्याला नियम ४९-ओ अन्वये केंद्राधिकाऱ्यासमोर तसे सांगावे लागे, अधिकारी नोंदवहीत शेरा मारी, मतदार त्याखाली सही करी, आणि ज्या गुप्ततेचे आश्वासन इतर सर्वांना होते ती नेमकी याच्याच वाट्याला येत नसे. हा अन्याय दूर झाला. परंतु दिलेला नकार निकालात कोठे आणि कसा नोंदवावा, हे अद्याप नीट स्थिरावलेले नाही.

निवडणूक दप्तरातील नमुना २० हे अंतिम निकालपत्रक केंद्रवार असते, म्हणून मारतहळ्ळीच्या एखाद्या केंद्रावर किती जणांनी नकार दिला हे त्यात शोधता येते. तेथे नोटाला स्वतंत्र रकाना आहे, पण वैध मतांच्या बेरजेत त्याची गणना नाही. अनामत वाचविण्यासाठी उमेदवाराला वैध मतांच्या एकषष्ठांशाहून अधिक मते लागतात, तेव्हाही हा आकडा हिशेबात धरत नाहीत. उलट निवडणूक आयोगाच्या निकाल-तक्त्यात नोटाही उमेदवारांच्या ओळीत उभा राहून टक्केवारीत सहभागी होतो. परिणामी एकाच उमेदवाराची टक्केवारी दोन ठिकाणी दोन प्रकारची निघू शकते, आणि कोणत्या बेरजेवर ती काढली हे न सांगणारे वृत्तपत्र वाचकाला अंधारात ठेवते. त्याहून अनुचित प्रकार म्हणजे नोटा ‘इतर’ या सदरात मिसळून टाकणे. अपक्षाला मिळालेला विश्वास आणि सर्वांना दिलेला नकार यांची बेरीज करण्यास काहीही अर्थ नाही.

लातूर ग्रामीण मतदारसंघात २०१९ साली विजयी धीरज देशमुख यांच्या खालोखाल, सुमारे २७,५०० मते घेऊन, नोटाच होता. तो निकाल ‘विजयी’ आणि ‘पराभूत’ अशा दोनच सदरांत छापला असता, तर त्या निवडणुकीतील सर्वांत बोलका आकडा वाचकाच्या दृष्टीआड गेला असता. माझ्या मते प्रत्येक निकालात नोटाची ओळ स्वतंत्र असावी आणि एकूण झालेल्या मतांशी तिचे प्रमाण स्पष्ट लिहावे.

महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता या रकान्याला कायदेशीर परिणामही दिला : नोटाला सर्वाधिक मते पडल्यास फेरनिवडणूक घ्यावयाची, आणि तीतही तेच घडल्यास मात्र नोटा वगळून सर्वाधिक मतांचा उमेदवार विजयी घोषित करावयाचा.