वणीची चुनखडी जावास्क्रिप्टमध्ये कशी शोधायची?

अ‍ॅरेच्या आत अ‍ॅरे आला की नवशिके गोंधळतात. आपल्या यवतमाळ जिल्ह्यावरूनच समजून घेऊ. व्हेरिएबलचं नाव देवनागरीतही चालतं, हे मला फार आवडतं!

यवतमाळ = [["वणी", ["कोळसा", "चुनखडी"]], ["कळंब", ["चिंतामणी मंदिर"]]];

मोजणी शून्यापासून. बाहेरून आत, एकेक पायरी उतरा:

यवतमाळ[0] → वणीची पूर्ण नोंद
यवतमाळ[0][1] → वणीची आतली यादी
यवतमाळ[0][1][1] → "चुनखडी"

जिल्ह्यात तालुके १६. सगळ्यांची नोंद केली आणि फक्त नावं हवी असली, तर मॅप वापरून प्रत्येक नोंदीतला [0] घ्या.

नोंदच नसेल तर यवतमाळ[5][1] एरर देतं. यवतमाळ[5]?.[1] लिहिलं की नुसतं अनडिफाइन्ड मिळतं, प्रोग्राम थांबत नाही. ही सोय २०२० च्या आवृत्तीत आली.

आता तुमच्या तालुक्याची नोंद जोडून बघा!