कॉम्प्युटरवर व्हीएलसी टाकताय? आधी फाइल कुठून घेताय ते बघा

समजा, परतवाड्याहून चिखलदऱ्याला गेलात आणि मोबाइलवर मस्त व्हिडिओ काढला. घरी येऊन कॉम्प्युटरवर लावला, तर आवाज येतो पण चित्र दिसत नाही. व्हिडिओ खराब झालेला नसतो. बरेच नवे फोन जागा वाचवण्यासाठी एचईव्हीसी पद्धतीने रेकॉर्डिंग करतात आणि ते उलगडणारा कोडेक प्रत्येक विंडोजमध्ये नसतो. व्हीएलसी प्लेअरमध्ये असे बहुतेक कोडेक आधीच असतात. शिवाय तो फुकट आहे आणि त्यात जाहिराती नाहीत.

पॅरिसच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात १९९६ मध्ये विद्यार्थ्यांनी हा प्रकल्प सुरू केला. २००१ पासून तो ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कोणीही बघू शकतो, बदलू शकतो आणि पुढे वाटू शकतो. पण गंमत अशी की त्यामुळेच कोणीही त्यात काहीबाही घालून तो स्वतःच्या साइटवर ठेवू शकतो. म्हणून फाइल कुठून घेतली, हे महत्त्वाचं.

२०२२ मध्ये भारतात हा प्रश्न खरोखर आला. फेब्रुवारीपासून व्हीएलसीची अधिकृत साइट इथे उघडेना. ऑक्टोबरमध्ये व्हिडिओलॅन संस्थेने इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने सरकारला कायदेशीर नोटीस दिली आणि नोव्हेंबरमध्ये साइट परत सुरू झाली. त्याच वर्षी सिमँटेक कंपनीने सांगितलं, की एक हॅकर गट खऱ्या व्हीएलसीच्या शेजारी आपली घातक फाइल ठेवून ती चालवत होता. म्हणून मित्राच्या पेन ड्राइव्हमधलं आयतं फोल्डरही नको.

चला, आता विंडोजवर इन्स्टॉल करू:

१. ब्राउझरमध्ये व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग हा पत्ता स्वतः टाइप करा. सर्चमध्ये सगळ्यात वर दिसणारी लिंक जाहिरात असू शकते.

२. व्हीएलसी डाउनलोड करा. फाइल साधारण ४०-४५ एमबीची असते.

३. फाइलवर डबल क्लिक केल्यावर विंडोज परवानगी मागेल. तिथे पब्लिशर म्हणून ‘व्हिडिओलॅन’ हेच नाव हवं. ‘अननोन’ दिसलं तर सरळ ‘नो’ दाबा आणि फाइल डिलीट करा.

४. मग नेक्स्ट, नेक्स्ट, इन्स्टॉल, फिनिश.

५. प्लेअर पहिल्यांदा उघडला की इंटरनेटवरून गाण्याची-सिनेमाची माहिती आणू का, असं तो विचारतो. नको असेल तर टिक काढा.

६. व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘ओपन विथ’मध्ये व्हीएलसी निवडा आणि ‘ऑलवेज’ करा.

उबंटू वापरत असाल तर त्याच्याच सॉफ्टवेअर सेंटरमध्ये व्हीएलसी मिळतो.

यातली तिसरी पायरी फक्त व्हीएलसीपुरती नाही. विंडोजवर कुठलंही सॉफ्टवेअर टाकताना ‘येस’ दाबण्याआधी पब्लिशरचं नाव वाचा. दोन सेकंद लागतात, पण त्या एका ‘येस’ने तुम्ही अख्खा कॉम्प्युटर त्या प्रोग्रामच्या हाती देत असता.