टोपली हलकी, हमाली भारी

यवतमाळ जिल्ह्यातील कोलाम समाज पिढ्यान्‌पिढ्या बांबूच्या टोपल्या, सुपे आणि ताटवे विणत आला आहे. पुसद, दिग्रस भागातील तांड्यांवर बंजारा स्त्रिया आरसे व कवड्या जडवून फेटिया-कांचळी सजवितात. या दोन्ही कलांना आठवडी बाजाराबाहेरचे गिऱ्हाईक मिळावे, ही अपेक्षा जुनीच आहे; ऑनलाइन बाजारपेठेने ती पुन्हा जागी केली. केंद्र सरकारच्या ‘ट्रायफेड’ने २ ऑक्टोबर २०२० रोजी आदिवासी कारागिरांसाठी अशी बाजारपेठ उघडली. खासगी कंपन्यांचेही आमंत्रण आहेच. मधला दलाल नाहीसा होऊन पूर्ण किंमत कारागिराच्या हाती पडेल, असा या सर्वांमागचा आशावाद आहे. त्याची परीक्षा मात्र हिशेबाच्या वहीतच व्हावयास हवी.

वाहतुकीचेच पाहा. कुरिअर कंपन्या केवळ वजनावर नव्हे, तर वस्तू किती जागा अडविते यावरही दर आकारतात. लांबी, रुंदी व उंची यांचा सेंटिमीटरमधील गुणाकार सामान्यतः ५,००० ने भागला जातो आणि येणारा आकडा किलोग्रॅममधील वजन मानला जातो. ४० सेंटिमीटर लांब, तितकीच रुंद व ३० सेंटिमीटर उंच अशी टोपली तराजूत एक किलोही भरणार नाही. पण या हिशेबाने ती ९.६ किलोंची ठरते. टोपलीच्या किमतीपेक्षा तिची हमाली जड व्हावी, असा हा प्रकार आहे. आठवडी बाजारातील व्यापारी टोपल्या एकात एक रचून नेतो, म्हणूनच त्याला तो धंदा परवडतो. एकेक नग घरपोच धाडणाऱ्याला ती सोय नाही.

भरतकामाची गोष्ट वेगळी आहे. घडी घालून लहानशा पाकिटात मावणारी, वजनाने हलकी आणि श्रमाने मोलाची वस्तू दूरच्या बाजारात टिकते. कर्नाटकातील संडूरचे उदाहरण येथे बोलके आहे. तेथील लंबाणी भरतकामाला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२३ मध्ये हंपी येथे मांडलेल्या १,७५५ वस्तूंची जागतिक विक्रमात नोंद झाली. लंबाणी म्हणजे बंजाराच. परंतु संडूरच्या स्त्रिया बाजारात एकेकट्या उतरल्या नाहीत. त्यांच्यामागे एक कला केंद्र उभे होते, हे विसरून चालणार नाही.

तिसरा अडसर कायद्याचा आहे. वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेत ऑनलाइन विक्री करणाऱ्यास उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना यातून सूट मिळाली, पण ती राज्याच्या सीमेच्या आतच. हस्तकलेच्या अधिसूचित वस्तू परराज्यात विकण्यास मात्र २०१७ पासूनच ठरावीक अटींवर नोंदणीमाफी आहे. याचा अर्थ असा की, पांढरकवड्याकडील लहान कारागिराने पैनगंगा ओलांडून आदिलाबादच्या बाजारात स्वतः माल विकला तर नोंदणी लागत नाही. तोच माल त्याच गिऱ्हाइकाला ऑनलाइन विकला तर लागते! सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने अनेक राज्यांत माल पुरविणाऱ्या लहान ऑनलाइन विक्रेत्यांसाठी सुलभ नोंदणीची कल्पना तत्त्वतः मान्य केली. आंतरराज्य विक्रीतील ही विसंगतीही त्याच ओघात दूर व्हावी.

तात्पर्य, दलाल जातो तेव्हा त्याचे काम त्याच्याबरोबर जात नाही. माल गोळा करणे, त्याची प्रत राखणे, छायाचित्रे काढणे, वेष्टन करणे, परत आलेल्या मालाचा तोटा सोसणे, विक्रीचे पैसे हाती पडेपर्यंत भांडवल अडकवून ठेवणे, ही सारी कामे कोणाला तरी करावीच लागतात. दिवसभर बांबू तासणाऱ्याने रात्री व्यापारीही व्हावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. महाराष्ट्रात ‘उमेद’ अभियानाने स्त्रियांच्या बचतगटांचे जाळे विणले आहे. त्यांच्या प्रभाग पातळीवरील संघांनी ही जबाबदारी उचलावी आणि खेळत्या भांडवलाची सोय शासनाने करावी. मालाची निवडही डोळसपणे व्हावी: भरतकाम व बांबूच्या लहान वस्तू टपालाने, मोठ्या टोपल्या घाऊक मागणीने.

बाजारपेठ दाराशी आली, एवढ्याने माल विकला जात नाही. दारापासून बाजारापर्यंतचा खर्च कोणी सोसावयाचा, हे ठरेपर्यंत नव्या बाजाराचा नफा कारागिराच्या पदरात पडणे कठीण आहे.