जर्जर वृद्धांची घरातील शुश्रूषा

समजा, इंग्लंडमधील एखाद्या लहान गावात ८२ वर्षांच्या दोन वृद्धा शेजारी शेजारी राहत आहेत. एकाच आठवड्यात दोघींनाही मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होतो. पहिली औषध घेते, चार दिवस पडून राहते आणि पाचव्या दिवशी बागेतील गुलाबांची छाटणी करू लागते. दुसरी रात्री उठताना पडते, तिला भ्रम होतो, रुग्णवाहिका येऊन तिला रुग्णालयात नेते. तीन आठवड्यांनी ती तेथून बाहेर पडते ती आपल्या घरी नव्हे, तर वृद्धांच्या शुश्रूषागृहात. वय तेच, रोगही तोच. मग हा फरक कशाचा?

या फरकाला वैद्यकशास्त्रात जर्जरता म्हणतात. आजार, इजा किंवा ताण सोसण्यासाठी शरीराजवळ जी राखीव शक्ती असते, ती आटत जाणे म्हणजे जर्जरता. लिंडा फ्रीड आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तिची पाच लक्षणे सांगितली : नकळत वजन घटणे, सततचा थकवा, हाताची पकड ढिली होणे, चाल मंदावणे आणि हालचाल कमी होणे. यांपैकी तीन आढळली की व्यक्ती जर्जर समजावी. वार्धक्य सर्वांनाच येते. जर्जरता मात्र काहींनाच येते, आणि वेळीच लक्ष दिले तर ती काही अंशी मागेही हटवता येते.

अशा रुग्णाला रुग्णालयाची खाट नेहमीच मानवते असे नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात निरोगी वयस्क स्वयंसेवकांना दहा दिवस केवळ बिछान्यात झोपवून ठेवले होते. तेवढ्यात त्यांच्या पायांच्या मांसल भागाचे वजन सुमारे एक किलोने घटले. ही धडधाकट माणसांची गत. मग ज्या वृद्धेचे पाय तिला खुर्चीतून उठवण्यास जेमतेम पुरतात, तिचे काय होत असेल?

ही गोष्ट ब्रिटनमध्ये प्रथम ठामपणे मांडली ती मार्जरी वॉरेन या महिला डॉक्टरने. १९३५ मध्ये लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या अनाथ-अपंगालयातील ७१४ खाटा सोपवण्यात आल्या. तेथे वर्षानुवर्षे पडून राहिलेली माणसे होती. वॉरेन यांनी प्रत्येकाची नव्याने तपासणी केली, अनेकांना उठवले, चालवले आणि काहींना घरीही पाठवले. वृद्धवैद्यक ही स्वतंत्र शाखा तेथून उभी राहिली. तिला प्रतिष्ठा मात्र फार उशिरा लाभली. राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या पहिल्या काही दशकांत ब्रिटिश डॉक्टरांना नकोशा वाटणाऱ्या या जागांवर भारतीय उपखंडातून गेलेल्या डॉक्टरांनी मोठ्या संख्येने काम केले, हे येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

तथापि ही विद्या बव्हंशी रुग्णालयातच राहिली आणि जर्जर माणसे मात्र घरी होती. घरच्या रुग्णाशी ज्याचा संबंध, तो जनरल प्रॅक्टिशनर, म्हणजे आपल्याकडील कुटुंबाचा डॉक्टर. त्याच्या दवाखान्यात एका रुग्णाच्या वाट्याला साधारणपणे दहा मिनिटे येतात. ही दरी सांधण्याचा एक उपाय म्हणजे अर्धवेळ अधिछात्रवृत्ती. ठिकाणपरत्वे तपशील बदलतात, परंतु कल्पना अशी की, डॉक्टराने आपला दवाखाना सोडायचा नाही. आठवड्यातील एखाददुसरा दिवस मात्र वृद्धवैद्यकाच्या तज्ज्ञाबरोबर, परिचारिका व भौतिकोपचारतज्ज्ञ यांच्या सोबतीने घरोघर जाऊन शिकायचे. अर्धवेळ असणे हे येथे उणेपण नव्हे. मंगळवारी शिकलेले बुधवारी स्वतःच्याच रुग्णावर पडताळून पाहता येते.

घरी गेल्यावर जे दिसते, ते दवाखान्यात कधीच दिसत नाही. पलंगापासून शौचालयापर्यंतची अंधारी वाट, टाच दबलेली सपाता, फडताळात तसेच पडलेले अन्न, आणि औषधांचा डबा. या डब्यापाशी थोडे थांबले पाहिजे. रक्तदाबासाठी एक गोळी दिलेली असते. तिच्यामुळे घोटे सुजतात. सूज हा नवा विकार समजून लघवी वाढवणारी गोळी सुरू होते. मग रात्री धावपळ करावी लागते. धावपळ आवरावी म्हणून मूत्राशय शांत करणारे तिसरे औषध येते, आणि त्याने बुद्धीला भ्रम पडतो. प्रत्येक गोळी देणाऱ्याने आपल्या परीने योग्यच केलेले असते. साखळी कोणीच पाहिलेली नसते. रुग्णाला उभे करून रक्तदाब मोजणे, खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येण्यास किती सेकंद लागतात ते पाहणे, आणि मग एकेक गोळी सावधपणे कमी करीत जाणे, हे काम तास-दीड तासाचे असते. पुढे प्रकृती बिघडल्यास रुग्णालयात जायचे की घरीच राहायचे, हा प्रश्नही रुग्ण शुद्धीवर असताना, त्याच्याच तोंडून सोडवून घ्यावा लागतो.

याचा उपयोग किती? ब्रिटनमधील नऊ ठिकाणी १,०५५ वृद्ध रुग्णांवर झालेली एक चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. काहींना रुग्णालयात दाखल केले. काहींना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली घरीच रुग्णालयासारखे उपचार दिले. सहा महिन्यांनी जिवंत असून घरी राहणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच निघाले. मात्र कायमचे शुश्रूषागृहात जावे लागलेल्यांचे प्रमाण घरी उपचार झालेल्या गटात शेकडा ५.७ आणि रुग्णालयाच्या गटात ८.७ होते. आकडे नम्र आहेत. पण ज्या वृद्धेचे घर वाचले, तिच्या दृष्टीने ते सर्वस्वच होय.

घरच्या शुश्रूषेचा भार अखेर कोणावर पडतो, तेही विसरून चालणार नाही. रात्री उठवणारी, कपडे बदलणारी बहुधा मुलगी असते, नाहीतर तितकीच थकलेली पत्नी. तिची विचारपूस हाही गृहभेटीचाच भाग असावा लागतो. शिवाय अधिछात्रवृत्तीचे वर्ष संपते. डॉक्टर पुन्हा दहा मिनिटांच्या वेळापत्रकाकडे परततो, आणि त्या वेळापत्रकात गृहभेटींसाठी आठवड्यातला अर्धा दिवस कोणी राखून ठेवला नसेल, तर दुसऱ्या वृद्धेच्या दाराशी पुन्हा रुग्णवाहिकाच उभी राहते.