दोन इमारती, चार स्विच आणि न जोडलेली केबल

यंदाच्या जमाखर्चात 'संगणकीय साठवण जाळ्याचा विस्तार' या शीर्षाखाली एक ठळक रक्कम दर्शविलेली आहे. रुग्णवाहिका वा डायलिसिस यंत्र यांवरील खर्च डोळ्यांना दिसतो. हा खर्च मात्र पहिल्या मजल्यावरील कुलूपबंद कपाटात आहे. साहजिकच काही देणगीदारांनी त्याविषयी विचारणा केली. एका ज्येष्ठ विश्वस्तांनी तर आराखड्यावर बोट ठेवून नेमका प्रश्न केला, की चार स्विच घेतले आहेत तर चारही एकमेकांना का जोडले नाहीत? प्रस्तुत टिपण त्या प्रश्नाच्या उत्तरादाखल आहे. लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने, अभियंत्यांकडून जे समजून घेतले ते जमाखर्चाच्या माणसाला उमगेल अशा भाषेत मांडले आहे.

रुग्णाचा सीटी स्कॅन झाला की त्याच्या शेकडो प्रतिमा तयार होतात. त्या, तसेच केसपेपर, प्रयोगशाळेचे अहवाल व देयके हे सर्व एका सामाईक साठवण यंत्रावर राहते. सर्व्हर आणि हे यंत्र यांच्यामधील रस्ता कार्यालयातील नेहमीच्या संगणक जाळ्याहून वेगळा असतो. त्यावर फायबर चॅनल नावाची पद्धत वापरली जाते. अमेरिकेच्या मानक संस्थेने तिला 1994 साली मान्यता दिली. या रस्त्यावरील जंक्शन म्हणजे स्विच. कोणत्या सर्व्हरची मागणी कोणत्या साठवणीकडे वळवायची, हे तो ठरवतो.

जुन्या इमारतीत असे दोन स्विच होते. नव्या इमारतीत अतिदक्षता विभाग व क्ष-किरण विभाग गेल्यावर तेथे आणखी दोन आले. प्रश्न निर्माण झाला तो येथे. नव्या इमारतीतील सर्व्हरला जुन्या इमारतीतील साठवण दिसली पाहिजे, अन्यथा एकाच रुग्णाची माहिती दोन ठिकाणी विभागली जाईल. म्हणून स्विचला स्विच जोडणे आवश्यक ठरले.

दोन स्विच केबलने जोडले की ते दोन राहत नाहीत. त्यांचे मिळून एकच जाळे बनते. त्याला या व्यवसायात 'फॅब्रिक' म्हणतात. केबल बसताच दोघे परस्परांची ओळख करून घेतात, आपल्यातून एक प्रमुख निवडतात आणि प्रत्येकाजवळ स्वतंत्र क्रमांक आहे ना, याची खात्री करतात. हा क्रमांक 1 ते 239 यांपैकी असतो. दोघांना एकच क्रमांक कायम करून दिलेला असेल, तर जोडणी होत नाही. केबल जागेवर असूनही स्विच अलिप्त राहतात. एकाच खातेपानाचा क्रमांक दोन खात्यांना दिल्यावर हिशेबनीस जसा पुढे जाण्याचे नाकारतो, तसाच हा प्रकार आहे. याहून नाजूक बाब म्हणजे झोनिंग. कोणत्या सर्व्हरने कोणती साठवण पाहावी, याची ती यादी होय. जोडणीच्या वेळी दोन्ही स्विचच्या याद्या एकत्र होतात, आणि त्यांत विसंगती असल्यास जोडणी नाकारली जाते. यास्तव नव्या स्विचमधील सर्व नोंदी आधी पुसून, त्याला मोकळा क्रमांक देऊन मगच केबल लावण्याची पद्धत आहे. आपल्याकडे हे काम रात्री, शस्त्रक्रियागृह मोकळे असताना आणि एका वेळी एकाच जोडीचे करण्यात आले.

आता विश्वस्तांच्या प्रश्नाकडे वळू. जुन्या इमारतीतील पहिला स्विच नव्या इमारतीतील पहिल्याला जोडला. त्यांचे झाले 'अ' जाळे. दुसरा दुसऱ्याला जोडला. ते 'ब' जाळे. प्रत्येक सर्व्हरची एक केबल 'अ' मध्ये व एक 'ब' मध्ये जाते, आणि साठवण यंत्राचीही तशीच व्यवस्था आहे. 'अ' व 'ब' यांच्यामध्ये मात्र एकही केबल नाही. ती राहून गेलेली नाही. बुद्ध्याच टाळलेली आहे.

कारण असे की, एका जाळ्यातील सर्व स्विच एकच यादी सामाईक वापरतात. त्या यादीत कोणाच्या हातून चूक झाली, तर ती क्षणार्धात जाळ्यातील प्रत्येक स्विचवर पोहोचते. चारही स्विच एकत्र असते, तर एका चुकीच्या नोंदीने दोन्ही इमारतींतील सर्व सर्व्हर साठवणीला पारखे होऊ शकले असते. दोन जाळी अलग असल्याने अशी चूक एका बाजूपुरती मर्यादित राहते व काम दुसऱ्या बाजूने चालू राहते. टिटवाळेकरांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नसावी. कसारा आणि कर्जत या दोन्ही शाखा कल्याणला एकत्र येतात. तेथे ओव्हरहेड वायर तुटली की शहाड, आंबिवली, टिटवाळा एकाच वेळी मुंबईपासून तुटतात. मग फलाटावर गाड्या कितीही उभ्या असोत.

तथापि, दोन मार्ग असले म्हणजे काळजी मिटली असेही नाही. याचे मोठे उदाहरण मुंबईतच घडले. 24 फेब्रुवारी 2021 रोजी सकाळी 11 वाजून 40 मिनिटांनी नॅशनल स्टॉक एक्सचेंजचे व्यवहार थांबले. ते दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू होऊन त्या दिवशी पाच वाजेपर्यंत चालले. एक्सचेंजने नंतर केलेल्या खुलाशानुसार, मुख्य केंद्र आणि जवळचे पर्यायी केंद्र यांना जोडणाऱ्या दोन दूरसंचार कंपन्यांच्या वाहिन्या विस्कळीत झाल्या होत्या, आणि त्यामागे रस्त्यालगतचे खोदकाम व बांधकाम हे एक कारण होते. वाहिन्या तुटणे हा प्रकार अपेक्षित होता. अनपेक्षित ठरले ते साठवण जाळ्याचे त्यानंतरचे वर्तन : मुख्य केंद्रातील साठवण शाबूत असूनही सर्व्हरना ती उपलब्ध होईना. देशातील अग्रगण्य बाजारपेठ सुमारे चार तास बंद राहिली ती एवढ्यावरून.

आपली दोन केंद्रे म्हणजे एकाच आवारातील दोन इमारती. परंतु खोदकाम येथेही नित्याचेच आहे. पेव्हर ब्लॉक कधी उखडले जातील, याचा नेम नसतो. त्यामुळे 'अ' ची केबल पूर्वेकडील चरातून आणि 'ब' ची पश्चिमेकडील भिंतीलगत नेली आहे. एका चरातून दोन्ही नेल्या असत्या तर खर्चात निश्चित बचत झाली असती. पण फावड्याच्या एका घावात दोन्ही जाळी गेली असती. अशी काटकसर मला मान्य नाही. केबलची जातही बदलावी लागली. इमारतीच्या आत वापरतात ती फायबर 16 गिगाबिटच्या वेगाला जेमतेम 100 ते 125 मीटर पुरते. वळसा घालून जाणारे दोन्ही मार्ग त्याहून लांब असल्याने, कित्येक किलोमीटर चालणारी सिंगल मोड फायबर घेतली. अंदाजपत्रकापेक्षा खर्च वाढला तो मुख्यतः येथे.

दोन स्विचमधील दुव्यावरही एकच केबल नसून प्रत्येक बाजूस दोन आहेत. नव्या इमारतीतील सर्व सर्व्हरची वाहतूक याच दुव्यावरून जाते. सर्व्हर वाढवले आणि दुवा तेवढाच ठेवला, तर पत्री पुलावर होत असे तशी कोंडी होते. क्ष-किरण विभागाच्या प्रतिमा उघडण्यास विलंब होऊ लागला, की पहिला संशय दुव्यावर घ्यावा, असा अभियंत्यांचा सल्ला आहे.

वीजपुरवठाही याच न्यायाने विभागला आहे. 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबई व ठाणे परिसराची वीज एकाच वेळी गेली होती, हे सर्वांच्या स्मरणात असेल. 'अ' आणि 'ब' यांचे यूपीएस भिन्न आहेत, आणि जनरेटरकडून त्यांना येणाऱ्या वाहिन्याही भिन्न आहेत. कपाट तळमजल्यावर न ठेवता पहिल्या मजल्यावर ठेवण्याचे कारण काळू नदी. 26 जुलै 2005 चा पूर ज्यांनी पाहिला, त्यांनी या जागेविषयी शंका घेतली नाही.

एक गैरसमज येथेच दूर करणे इष्ट. जाळी दोन असली तरी त्यांवरून पोहोचायची साठवण एकच आहे. एखादी नोंद चुकून पुसली, तर ती दोन्ही मार्गांनी पुसलेलीच दिसेल. त्यासाठी दररोज रात्री टेपवर घेतली जाणारी प्रत पूर्ववत चालू असून, तिचा खर्च संगणक विभागाच्या नियमित खर्चात अंतर्भूत आहे.

दर तिमाहीस एका रविवारी रात्री 'अ' जाळ्यातील दोन्ही स्विच हेतुतः बंद केले जातात. अतिदक्षता विभागातील परिचारिका आपल्या पडद्यावर रुग्णाची नोंद उघडून पाहते व वेळेसह वहीत सही करते. 'अ' पूर्ववत झाल्याची खात्री पटल्यावरच 'ब' ची पाळी येते. ही वही प्रशासन कार्यालयात ठेवलेली असून विश्वस्तांना व देणगीदारांना ती कामकाजाच्या वेळेत पाहता येईल.