शाईपेनाची रेषा : एक छंद आणि एक नोंद

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. इतिहासाच्या तासाला सातवीतील एक विद्यार्थी मान खाली घालून वहीत काहीतरी करीत होता. जवळ जाऊन पाहिले, तर प्रश्नोत्तरांच्या खाली उरलेल्या अर्ध्या पानावर त्याने शाईपेनाने एक चेहरा काढला होता. डोक्यावर पदर, कपाळावर आठ्या, हनुवटीवर गोंदण. विचारले तेव्हा म्हणाला, ‘‘आई आहे, सर. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेली. घरी तिचा फोटो नाही.’’ रागावण्यासाठी गेलेला मी काही न बोलता परत फळ्याकडे वळलो.

तेव्हापासून शाईपेनाच्या चित्राकडे निव्वळ विरंगुळा म्हणून पाहणे मला जमले नाही. आपल्या पालकांना व माजी विद्यार्थ्यांना या छंदाची ओळख व्हावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

साधन

बोरू आणि टाक ही शाईपेनाची आधीची भावंडे. ती पुनःपुन्हा दौतीत बुडवावी लागत. शाई पोटातच साठवणारा आणि ती बेताने सोडणारा पेन व्यवहारात स्थिरावला, तो १८८४ मध्ये अमेरिकेत लुईस वॉटरमन यांना मिळालेल्या पेटंटानंतर. निबेखालच्या पट्टीला बारीक खाचा असतात. त्यांतून शाई केशाकर्षणाने खाली येते आणि तितकीच हवा आत जाते. म्हणूनच पेन फारसा दाबावा लागत नाही. हात हलका ठेवला की रेषा आपोआप वाहते.

आपल्या समाजात पेनाला वेगळा मान आहे. बाबासाहेबांना उत्तम शाईपेनांची आवड होती, हे त्यांच्या सहवासातील मंडळींनी नमूद केले आहे. महापरिनिर्वाणदिनी फुलांऐवजी वही-पेन अर्पण करण्याची प्रथाही आता अनेक ठिकाणी रुजली आहे. मात्र आपल्या घरांत पेन आला तो परीक्षेसाठी आणि अर्जासाठी. त्याच पेनाने पाहताही येते, हे आपण मुलांना फारसे सांगितले नाही.

शाई व कागद

महाराष्ट्राला शाईचा स्वतःचा इतिहास आहे. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईची पूड तयार करण्यास आरंभ केला आणि त्यातूनच पुढे ‘कॅम्लिन’ उभी राहिली. शाळेत मिळणारी निळी किंवा काळी शाई चित्राला पुरेशी आहे. ही शाई पाण्यात विरघळते. म्हणून रेषेवरून ओला कुंचला फिरवला की सावलीची फिकट छटा मिळते. तिचा दोष असा की उन्हात ती हळूहळू उडते. त्यामुळे असे चित्र भिंतीवर लावण्यापेक्षा वहीत मिटून ठेवलेले बरे.

एक सावधगिरी आवश्यक आहे. चित्रकलेच्या दुकानात मिळणारी जलरोधक ‘इंडियन इंक’ शाईपेनात कधीही भरू नये. ती आत वाळून घट्ट होते आणि पेन निकामी होतो. ती टाकासाठी वा कुंचल्यासाठी असते. शाई बदलताना पेन साध्या पाण्याने, स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवावा. पातळ कागदावर शाई फुटते व मागे उमटते. त्यामुळे थोडा जाड, गुळगुळीत कागद घ्यावा.

सराव

आरंभ घरातील वस्तूंपासून करावा : तांब्या, कंदील, दारातल्या चपला. आधी वस्तू नीट पाहावी, मग बाह्यरेषा काढावी. उजेड कोणत्या बाजूने येतो ते ठरवून दुसऱ्या बाजूला एकाच दिशेच्या समांतर रेषा ओढाव्यात. अधिक गडद छाया हवी असेल तर त्यांवर आडव्या रेषांची जाळी विणावी. निब उलटी धरली तर रेषा बारीक येते. केस व सुरकुत्या यांना ती उपयोगी पडते.

शाईला खोडरबर नाही. चुकलेली रेषा तशीच राहते आणि तिच्या शेजारी दुसरी, अधिक अचूक रेषा काढावी लागते. नवशिक्याला याची धास्ती वाटते, परंतु नीट पाहिल्यावाचून रेषा ओढायची नाही, ही शिस्त त्यातूनच लागते.

अजिंठ्यापासून संविधानापर्यंत

रेषेचे थोर विद्यापीठ आपल्या उशालाच आहे. भोकरदनच्या उत्तरेला, शेजारच्या जिल्ह्यात, अजिंठ्याची लेणी आहेत. तेथील भिख्खूंच्या, राजांच्या आणि दासींच्या आकृती रेषेनेच सजीव झाल्या आहेत. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्या पुढाकाराने या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यात आल्या. त्या कामात तरुण नंदलाल बोस सहभागी होते. पुढे भारतीय संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीची सजावट याच नंदलालांनी शांतिनिकेतनच्या सहकाऱ्यांसह केली, तर इंग्रजी प्रतीचा मजकूर प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी टाकाच्या निबेने हाताने लिहिला. ज्या मसुद्यासाठी बाबासाहेब झिजले, तो अशा रीतीने शाईच्या रेषेतच चिरस्थायी झाला.

आपली नोंद आपण

भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या उपासक-उपासिकांची नावे राहिली, चेहरे राहिले नाहीत. आपल्या आजी-आजोबांच्या बाबतीत तर अनेकदा नावाचीही नोंद नाही. आता मोबाइलमध्ये छायाचित्रांची रेलचेल आहे, पण मोबाइल बदलला की ती हरवतात आणि एखाद्या चेहऱ्यासमोर अर्धा तास बसणे त्यांत घडत नाही. चित्र काढताना ते घडते.

म्हणून विनंती आहे. सुटीत मूल घरी आले की त्याच्या हाती एक साधा शाईपेन व वही द्या आणि त्याच्यासमोर थोडा वेळ बसा. जुन्या विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीतील विहार, कुंडलिकेचा काठ, मोसंबीची बाग, वडिलांचे हात रेखाटावेत. चित्राखाली नाव, गाव व तारीख न विसरता लिहावी. पुढच्या मेळाव्याला ती वही सोबत आणावी.

त्या विद्यार्थ्याने वर्ष संपताना ते पान वहीतून सोडवून घेतले आणि घडी घालून खिशात ठेवले. सुटीत आई परतल्यावर तिला ते दाखवायचे होते.